हात लावू नका

त्या खोलीत दिवसभर खुनाखुनीची भाषा चाले. कुणी ओरडे, "त्या पोराला मार आधी!" पलीकडून उत्तर येई, "पोरगं मारलं, पण बाप अजून जिवंत आहे." "मग बापालाच उडव ना, वाट कसली बघतोस?" संगणकावर एका कामातून दुसरं काम निघालं की त्यांना बाप आणि पोर म्हणायची त्या लोकांची रीत, आणि ती अडकली की मारायची दुसरी रीत. नवा माणूस सुरुवातीला दचके. थोड्याच दिवसांत तोही चहाचा कप हातात धरून निवांतपणे पोरं मारू लागे. एवढी कत्तल चालायची, पण त्या खोलीत कुणी कुणाच्या कानाखाली साधी एक वाजवलेली नव्हती. खरा मार खाल्लेली बाई खालच्या मजल्यावर बसायची.

वरच्या खोलीत सगळ्यांत जास्त कापाकापी करणारी एक मुलगी होती. तिला कात्रीच म्हणत. दुसऱ्यांना नवीन काही लिहायला आवडे, हिला लिहिलेलं कापायला. पानभर पसारा तळहाताएवढा करून दाखवला की हिच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्याचं समाधान दिसे. म्हणून घरपोच औषधं पाठवणाऱ्या त्या कंपनीने अखेर अजगर तिच्या हवाली केला.

अजगर म्हणजे एक फाईल. ग्राहकाने पडद्यावरचं बटण दाबलं की पुढे काय करायचं ते ठरवणारा हा कंट्रोलर. त्याने जे दिसेल ते गिळलं होतं. ऑर्डर घेणं त्याच्या पोटात, डॉक्टरची चिठ्ठी तपासणं त्याच्या पोटात, औषध पोचल्याचा निरोप धाडणं त्याच्याच पोटात. एका 'जर'च्या आत दुसरा 'जर', त्याच्या आत तिसरा. आत शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत आपण कशाला आलो होतो हेच विसरून जाई. किती गुंता झालाय ते मोजणारं एक यंत्र होतं आणि अजगराच्या नावापुढे ते लालभडक आकडा दाखवी.

"हा आकडा मला हिरवा हवाय," मुकादम म्हणाला. मुकादम म्हणजे त्या खोलीचा वरिष्ठ, सदा मान वर करून चालणारा. "कसा करायचा ते मला विचारू नकोस. काप, जाळ, काय वाटेल ते कर."

"आणि दादांच्या टिपा?"

यावर सगळी खोली हसली. अजगर मुळात दादांनी लिहिला होता आणि ते केव्हाच नोकरी सोडून परदेशी गेले होते. कोडच्या ओळींवर माणसांसाठी टीप लिहून ठेवता येते, संगणक ती वाचत नाही. दादांना एकच टीप येत होती, 'हात लावू नका'. औषधाच्या मात्रेच्या हिशेबावर, हात लावू नका. बटणाच्या निळ्या रंगावर, हात लावू नका. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणाऱ्या बंद पडलेल्या तुकड्यावर, हात लावू नका. पहिल्यापहिल्यांदा लोक बिचकले. मग एकाने घाबरत घाबरत निळ्याचा हिरवा केला, कुणीही मेलं नाही, आणि तेव्हापासून दादांच्या टिपांना कुत्रंही विचारेना.

खालच्या मजल्यावर ग्राहकांचे फोन घेणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. कुणाची वहिनी, हे कुणी विचारत नसे. डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ आरपार गेलेली. कात्री आणि ती रोज दुपारी एकत्र डबा खात. अशाच एका दुपारी वहिनीने न विचारता सांगून टाकलं होतं. नवरा गॅरेजवाला. चाकं खोलायच्या लोखंडी पान्याने त्याने भुवई फोडली. पोर मध्ये आली तर तिलाही भिंतीवर आपटलं. त्या रात्री ती पोरीला घेऊन निघाली ती परत गेली नाही.

"त्याला आमचं घर ठाऊक नाही म्हणून आम्ही दोघी जिवंत आहोत," वहिनी म्हणाली होती. "ज्या दिवशी कळेल त्या दिवशी खेळ खलास. तसं सांगूनच ठेवलंय त्याने." मग तिने डब्यातली शेवटची फोड कात्रीकडे सरकवली. पोरगी भिंगरीसारखी, एका जागी बसायची नाही, म्हणून तिचं नावच भिंगरी. दम्याने मात्र छाती भरली की हीच भिंगरी एका कोपऱ्यात मुटकुळं करून बसे. सुट्टीच्या दिवशी ती ऑफिसात आली की कात्रीच्या मांडीवर बसून कळफलक बडवायची. कात्रीचा तिच्यावर फार जीव होता.

कात्री अजगराच्या मागे हात धुवून लागली. रोज एक गाठ सोडवायची, रोज आकडा थोडा खाली यायचा. मुकादम येता-जाता तिच्या पडद्याकडे बघून मान डोलवी. असं करता करता ती निरोपांच्या तुकड्याशी आली. लहान मुलाचं औषध पोचलं की आई-बाप दोघांच्याही फोनवर पत्त्यासकट निरोप जाई. आणि त्यातल्या बापाला निरोप धाडणाऱ्या ओळीच्या बरोबर वर एक विचित्र अट होती. जर मुलाचा खातेक्रमांक अमुक असेल, तर काहीच करू नकोस. खरोखरच एक क्रमांक तिथे आकड्यांत ठोकून बसवला होता आणि पुढे रिकामा कंस. वर टीप, हात लावू नका.

"हे बघा रे, दादांचा नवा पराक्रम!" तिने हाक मारली. "काहीच न करण्यासाठी अट!"

"चाचणीचं खातं असेल," शेजारचा मान न वळवता म्हणाला. "पुसायचं राहिलं असेल म्हाताऱ्याचं. उडव."

तो क्रमांक कुणाचा ते शोधायला एक ओळ लिहावी लागली असती. तेवढाही वेळ तिला काढावासा वाटला नाही. तिने अट निवडली, बोट दाबलं, अट गेली. कोड नीट चालतो का ते बघणाऱ्या सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. होणारच, त्यांना त्या क्रमांकाची गंधवार्ता नव्हती. संध्याकाळी अजगराचा आकडाही हिरवा झाला, मुकादमाने पेढ्यांचा बॉक्स फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कोड सगळ्या ग्राहकांसाठी सुरू झाला.

त्याच दुपारी दोघी डबा उघडून बसल्या असताना वहिनीचा फोन वाजला. तिने बघितलं आणि हसली.

"पोचला गं बाई भिंगरीचा दम्याचा पंप. सकाळपासून छाती वाजतेय तिची, शाळेत पाठवलंच नाही. शेजारच्या शिवणवाल्या मावशी बसल्यात तिच्यापाशी, आपलं मशीन अन् शिवण घेऊनच आल्यात." मग फोन पालथा घालून म्हणाली, "दादांना आयुष्य लाभो बाई. त्यांनी तेव्हा सोय करून ठेवली, नाहीतर हाच निरोप त्या मेल्याच्या फोनवर."

"कसली सोय?"

"अगं, भिंगरीचं खातं तिच्या बापानेच उघडलेलं. डॉक्टरची चिठ्ठी, जुनं सगळं त्यातच, आणि त्याचा नंबर काही त्यातून काढता येईना. दादांपुढे रडले मी. म्हणाले, कुणाला बोलू नकोस, मी फक्त तुझ्या पोरीसाठी बापाला जाणारा निरोप बंद करून टाकतो."

कात्रीच्या हातातला घास डब्यात पडला. तिला तो क्रमांक दिसला, रिकामा कंस दिसला, आपलं बोट दिसलं.

"वहिनी, मावशींना फोन लावा. आत्ता. दार आतून लावून घ्यायला सांगा."

"का? काय झालं?"

"मी काढली. ती सोय मी काढून टाकली. वहिनी, लावा फोन!"

वहिनीने थेट मावशींचा नंबर लावला. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दोघी तशाच रस्त्यावर धावल्या. टॅक्सीत वहिनी सारखी फोन लावत होती आणि कात्री चालकाच्या खांद्यावर गुद्दे मारत होती. "चला ना, चला ना हो, सिग्नल गेला खड्ड्यात!"

जिन्यातच आवाज आला. लोखंड लाकडावर पडल्याचा. एक घाव, मग शिवी, मग पुन्हा घाव. घराचं दार बिजागरीतून निखळून लोंबत होतं. आत मावशी शिलाई मशीनपाशी आडव्या पडल्या होत्या, डोक्यातून रक्त येऊन अर्ध्या शिवलेल्या झग्यात मुरत होतं. त्या कण्हत होत्या, म्हणजे जिवंत होत्या. आणि तो न्हाणीघराच्या दारावर पाना घालत होता. आत भिंगरीने कडी लावून घेतली होती. तिच्या श्वासाची शिट्टी बाहेर ऐकू येत होती. पंपाचं पाकीट टेबलावर न फोडलेलं पडलं होतं.

"ये," तो वळून म्हणाला, जशी काही वाटच बघत होता. "पत्ता पाठवलास ना? आलो बघ."

वहिनी सरळ त्याच्या अंगावर गेली. ओरडली नाही, रडली नाही, नुसती डोकं खाली घालून त्याच्या पोटात घुसली. तो भिंतीवर आदळला. मग पाना वर गेला आणि तिच्या दंडावर उतरला. हाड मोडल्याचा आवाज कात्रीने त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण तो कशाचा आहे हे कुणी सांगावं लागलं नाही. वहिनी खाली बसली. त्याने तिला केसांनी धरून वर ओढलं आणि तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. पाना त्याने पुन्हा उचलला, या वेळी डोक्यासाठी.

कात्री जन्मात कुणाशी मारामारी करणाऱ्यांतली नव्हती. मशीनवर मावशींची कापड कापायची मोठी कात्री होती. ती तिने दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या खांद्यात खुपसली. कोड कापताना हात कसा हलका असतो! इथे तसं काही नव्हतं. कापड, कातडी, मांस, सगळं विरोध करत होतं आणि तिला अंगाचा भार घालावा लागला. तो गुरासारखा ओरडला. मागे वळत त्याने पाना फिरवला तो तिच्या उजव्या हातावर बसला. बोटं भलतीकडेच वळलेली तिला दिसली, दुखलं नंतर. तिने डाव्या हाताने कात्री धरून ठेवली आणि दात ओठ खाऊन आणखी दाबली.

"पंप!" वहिनी रक्त थुंकत ओरडली. "भिंगरे, कडी काढ! आई आहे, कडी काढ!"

कडी निघाली. वहिनीने सरपटत जाऊन दातांनी पाकीट फाडलं आणि एका हाताने पोरीच्या तोंडाला पंप लावला. तोवर जिन्यातून माणसं वर आली होती. त्यांनी त्याला पालथा पाडला, कुणी मानेवर बसलं, कुणी पायांवर. खाली चेपलेला असतानाही तो शिव्या देत होता. कुणीतरी त्याच्या तोंडावर लाथ घातली आणि ती दुसऱ्या कुणी अडवली नाही. पोलीस आले तेव्हा भिंगरी आईच्या मांडीत बसून श्वास घेत होती, एकेक मोजल्यासारखा.

इस्पितळात मावशींच्या डोक्याला टाके पडले. कात्रीच्या हाताला प्लास्टर चढलं. वहिनीच्या खोलीत तिला दुसऱ्या दिवशी सोडलं. वहिनीचा एक डोळा पूर्ण मिटला होता, दंड पट्ट्यांनी छातीशी बांधला होता. भिंगरी पायथ्याशी झोपली होती.

"वहिनी, मला वाटलं ते चाचणीचं..." कात्री म्हणाली. "माझं चुकलं. माझं फार चुकलं हो."

वहिनीने उघडा डोळा तिच्याकडे वळवला.

"तू माझा जीव वाचवलास, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. ओठ फाटल्यामुळे शब्द सावकाश येत होते. "पण तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

मग तिने तोंड भिंतीकडे केलं. कात्री तिथे उभी राहून हमसून हमसून रडली, आणि परिचारिकेने तिला बाहेर नेलं.

बाहेरच्या बाकावरून तिने दादांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढे ओरडले की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"अगं, मी लिहून ठेवलं होतं! स्पष्ट लिहिलं होतं, हात लावू नका!"

"दादा, तुम्ही ते सगळीकडेच लिहिलंय हो. बटणाच्या रंगावरसुद्धा."

पलीकडून दादांचा हुंदका ऐकू आला आणि कात्रीने फोन ठेवला. तिला त्यांचा राग आला होता, स्वतःचा आला होता, आणि कुणाचा जास्त ते तिला ठरवता येत नव्हतं.

वहिनी परत कामावर आली नाही. पोरीला घेऊन कुठे गेली ते तिने कुणाला सांगितलं नाही, कात्रीलाही नाही. नवरा कोठडीत होता, पण कोठडीची दारं उघडतात हे वहिनीला ठाऊक होतं. कात्रीने मनात आणलं असतं तर खात्यातून नवा पत्ता तिला बसल्या जागी सापडला असता. तिने तो शोधला नाही.

तिने डाव्या हाताच्या एका बोटाने अट परत लिहिली. या वेळी एका क्रमांकासाठी नाही, तर कुणाही आईला किंवा बापाला आपला पत्ता दुसऱ्यापासून झाकता यावा अशी. त्यावर चाचण्या लिहिल्या. अजगरातल्या दादांच्या झाडून सगळ्या टिपा तिने पुसल्या आणि त्या अटीवर एक नवी लिहिली, 'ही ओळ काढलीत की एक माणूस लोखंडी पाना घेऊन एका बाईच्या दारात येतो. एकदा आला आहे.' आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

आकडा पुन्हा लाल झाला. मुकादम तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. झालेलं सगळं त्याला ठाऊक होतं, फुलंही त्यानेच पाठवली होती. पण उद्या वरच्यांना आकडा दाखवायचा होता.

"किती अटी घातल्यास गं," तो हळूच म्हणाला. "हे जरा नंतर नाही का करता येणार? तेवढं उद्यापुरतं मी काढून ठेवतो." आणि तिच्या खांद्यावरून त्याने कळफलकाकडे हात नेला.

कात्रीने प्लास्टरचा हात त्याच्या मनगटावर आपटला. आवाज सगळ्या खोलीत गेला. तिला स्वतःलाच जोराची कळ आली, पण हात तिने तिथून काढला नाही.

"हात लावून तर बघा," ती म्हणाली.

पोरं मारणारी, बाप उडवणारी ती सगळी माणसं माना वळवून बघत राहिली. मुकादमाने हात मागे घेतला.