सावलीचं माप

ज्या वर्षी धाकटी लेक दारिना स्पेनमध्ये बाळंत झाली आणि नातीचा बाप्तिस्मा वेलिकाला फोनच्या काचेतच पाहावा लागला, त्या वर्षीची ही गोष्ट. मे महिन्यातला संत गिओर्गीचा सण नुकताच झाला होता. वेलिका स्वयंपाकघरात बानित्साची, म्हणजे चीज भरून भाजायच्या पापुद्र्यांची, पोळी लाटत होती आणि तिचा नवरा वर्बान तिच्या पाठीमागे दोरी घेऊन उभा होता.

दोरीचं एक टोक त्यानं बुटाखाली दाबलं. दुसरं वर खेचून तिच्या कोपरापाशी आणलं, तिथं गाठ मारली आणि दोरी खिशात कोंबली. हे सगळं वेलिकाला समोरच्या खिडकीच्या काचेत दिसलं. तिचं लाटणं थांबलं.

"काय चाललंय रे मागं?"

"माशी होती."

"दोरीनं माशी मारतात?"

"मोठी होती," असं म्हणून वर्बान अंगणात निघून गेला.

वेलिकानं पिठाचे हात तसेच धरून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. उद्या सकाळी अंगणातल्या गॅरेजचा पाया भरायचा होता. आणि पाया भरायच्या आदल्या दिवशी कुणी चोरून कुणाचं माप घेतलं तर त्याचा अर्थ काय, हे त्यांच्या डोंगरातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. वेलिकाची आजी सांगायची, उस्ता लोक, म्हणजे गवंडी, बांधकामापाशी आलेल्या माणसाची सावली दोरीनं मोजतात आणि ती दोरी पायाच्या चरात पुरतात. भिंत मग सात पिढ्या हलत नाही. माणूस मात्र वर्षाच्या आत जातो. म्हणून लहानपणी नव्या भिंतीजवळून जाताना पोरी पळत सुटायच्या.

"वेडी आहेस," वेलिका स्वतःशी म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. पण पोळी एका बाजूनं जाड झाली, ती झालीच.

तसं पाहिलं तर त्या गॅरेजचं सगळंच नवल होतं. त्या घरात मोटारच नव्हती. होती ती वर्बाननं ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांत विकून टाकली होती. त्याच सुमारास तो जिल्ह्याच्या गावी इस्पितळात जाऊन आला होता, खोकल्यासाठी. परत आल्यावर छातीच्या फोटोचं मोठं पाकीट त्यानं कपाटावर टाकलं आणि म्हणाला, "डॉक्टर सांगतो, फुप्फुसं म्हाताऱ्याची आहेत. मी म्हटलं, मग काय नवरदेवाची असणार?" वेलिका हसली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं मोटारीच्या काचेवर 'विकणे आहे' असा कागद चिकटवला, आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं त्या संध्याकाळी अक्रोडाच्या झाडाखाली चार खुंट्या ठोकून तो सुतळी ताणत बसला.

"गॅरेज बांधतोय," त्यानं सगळ्यांना सांगितलं.

शेजारची ग्रोझ्दा कुंपणावर कोपरं टेकून विचारायची, "आणि आत काय बांधणार? गाढव?"

"तुला जागा हवी असेल तर सांग, ग्रोझ्दा."

"मला नको. पण माझ्या नवऱ्याला ठेव, घोरतो फार."

मोटारीचे पैसे सिमेंटात आणि वाळूत गेले. बाकीचं सगळं त्यानं गोळा केलं. बंद पडलेली दूध डेअरी पाडत होते, तिथून विटा आणल्या. त्यांचा चुना तो रोज दुपारी हातोडीनं खरवडून काढायचा, थांबून खोकायचा आणि पुन्हा खरवडायचा. पोरं उरली नाहीत म्हणून गावची शाळा मिटली होती, तिच्या दोन खिडक्या मिळाल्या. कौलं ग्रोझ्दाच्या पडक्या गोठ्याची. वाकडे खिळेसुद्धा तो दगडावर ठेवून सरळ करायचा.

पायाच्या दिवशी वेलिका सावध होती. सूर्य कुठं आहे ते आधी बघायची आणि मगच पाय टाकायची. कॉफीचा ट्रे तिनं घराच्या भिंतीला चिकटून नेला आणि चरापासून लांब, ओंडक्यावर ठेवला.

"इकडं आण की वैनी, एवढ्या लांब कुणासाठी?" उस्ता मिंचो म्हणाला. पंचक्रोशीत दगडविटांचं काम करणारा तो एकटाच म्हातारा उरला होता.

"पाय आहेत ना तुला? ये इकडं."

"सासूपण अंगात आलंय आज तुझ्या."

तिनं ते कानाआड केलं आणि विचारलं, "कोंबडा कधी कापताय?" पायाच्या चरात कोंबड्याचं रक्त सांडायचं, म्हणजे भिंत दुसरं काही मागत नाही. साध्या डुकराच्या खुराड्यालाही लोक एवढं करत.

मिंचोनं वर्बानकडे पाहिलं. वर्बान कॉफीत साखर ढवळत राहिला.

"कोंबडा ठेव कोंबड्यांसाठी," तो म्हणाला. "उगाच खर्च. दुसरी सोय केलीय."

वेलिका स्वयंपाकघरात गेली आणि पडद्याआडून बघत राहिली. उगवतीच्या कोपऱ्यात मिंचो वाकला, खिशातून काही काढून त्यानं चरात ठेवलं आणि वर दगड बसवला. वर्बाननं डोक्यावरची टोपी काढली. मग दोघंही, जसं काही झालंच नाही, अशा थाटात वाळू कालवायला लागले.

पुढचे दिवस वेलिकानं जिवाकडे कान लावून काढले. शिंक आली तरी तिला वाटायचं, झालं. ती दोन घास जास्त खाऊ लागली, दर रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावू लागली. पण तिच्या स्वभावात भीतीपेक्षा चौकसपणा मोठा. भिंत वर येईल तशी ती तिच्याभोवती घिरट्या घालायची, सावली सांभाळून. आणि जितकं बघावं तितकं कोडं वाढायचं. दार इतकं अरुंद की हातगाडी जेमतेम जाईल. खिडक्यांच्या चौकटी खाली, अगदी तिच्या छातीला लागतील अशा. दिव्याचं बटणही खाली. वर्बान चांगला ताडमाड, त्याला वाकूनच दिवा लावावा लागणार.

"हे गॅरेज कुणाचं? बुटक्यांचं?" तिनं एकदा विचारलं.

"बघशील."

"बघायला राहिले तर."

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे?"

मग तिला राहवलं नाही. हातातली मिरच्यांची टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "खरं सांग. माझी दोरी पायाच्या चरात घातलीस ना? स्वयंपाकघरात घेतलेली. मी पाहिलंय काचेत."

वर्बान हसायला लागला, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता भिंतीला टेकला. डोळे पुसून त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला त्या अरुंद दारातून आत नेलं.

खिडकीखाली बीच झाडाच्या लाकडाचं जाड मेज होतं. अजून रंधा मारल्याचा वास येत होता. मेजाच्या कडेला खिळ्यावर ती दोरी लटकत होती. तिचं टोक जमिनीला टेकलेलं, आणि गाठ बरोबर मेजाच्या कडेशी.

"हात ठेव," तो म्हणाला.

तिनं ठेवला. कोपर बरोबर कडेशी आलं.

भिंतीवर तिच्या बापाच्या पटाश्या ओळीनं टांगलेल्या होत्या. बाप लाकडी पिंपं करायचा. पोरीच्या जातीला हत्यार कशाला म्हणून त्यानं तिला कधी मेजापाशी उभं केलं नव्हतं. ती बघून बघून शिकली आणि जन्मभर गावच्या मोडक्या खुर्च्या, तिपाया, चमचे उंबऱ्यापाशी ओंडक्यावर उकिडवी बसून दुरुस्त करत आली. त्यावरून पाठ धरून उठताना वर्बाननं तिला किती वेळा पाहिलं असेल, देव जाणे.

"आणि मोटार कुठं ठेवायची?" ती शेवटी म्हणाली.

"तुला चालवता येते?"

"नाही."

"मग काय करायचीय मोटार?"

कौलं चढली त्या दिवशी रीतीप्रमाणे वेलिकानं उस्तासाठी नवा शर्ट आढ्याला बांधला. काम आटोपून मिंचो तो शर्ट खांद्यावर टाकून राकियाचा, फळांच्या दारूचा, पेला घेऊन बसला. वेलिकाचं मन पिसासारखं हलकं झालं होतं.

"तुला हसायला येईल, उस्ता," ती म्हणाली. "इतके दिवस मला वाटत होतं, तू माझीच सावली पुरलीस तिथं."

मिंचो हसला नाही. त्यानं पेला फिरवला.

"तुझी नव्हती, वैनी."

"म्हणजे पुरली होतीस?"

"मी नको म्हणत होतो. वर्बान ऐकेना. म्हणाला, कोंबड्याचा खर्च कशाला, माझी सावली फुकटात मिळतेय. दुसऱ्या कुणाची चुकून पडण्यापेक्षा बरं." मिंचोनं दोन्ही हात पसरले आणि ते पुरेनात म्हणून पुन्हा खाली घेतले. "सकाळची सावली, त्यातून हा असा उंच. दोन दोऱ्या जोडाव्या लागल्या."

वेलिकानं अंगणात पाहिलं. वर्बान ओंडक्यावर बसून उरलेले वाकडे खिळे सरळ करत होता. त्याची सावली अंगण ओलांडून नव्या भिंतीपर्यंत गेली होती. तिला कपाटावरचं पाकीट आठवलं. मोटारीच्या काचेवरचा कागद आठवला.

ती त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि डब्यातला एक खिळा उचलला.

"काय म्हणत होता उस्ता?"

"म्हणाला, भिंत पडायची नाही."

"नाहीच पडायची," वर्बान म्हणाला आणि हातोडी तिच्याकडे दिली.

वर्बान त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेला, संत दिमितरच्या दिवशी, ज्या दिवशी गवंड्यांचं वर्ष संपतं, सकाळी वारला.