चूल विझवून झोपलेला पक्षी

मुलांनो, डोळे मिटा आणि अँडीजच्या डोंगरातली एक गारठलेली सकाळ मनात आणा. ढग अंगणात उतरलेत, शेवाळातून पाणी ठिबकतंय.

अशाच सकाळी आठ वर्षांच्या नुबियाला फांदीवर तिचा लाडका, कानांपाशी जांभळी पिसं असलेला हमिंगबर्ड दिसला. चोच आभाळाकडे, पिसं फुगलेली, अंग दगडासारखं गार.

"आजोबा, हा मेला हो!" रडत रडतच ती साखरपाण्याची बाटली त्याच्या चोचीला लावू लागली.

पाहुण्यांना पक्षी दाखवण्यात आयुष्य गेलेल्या अन्सेल्मो आजोबांनी तिचा हात धरला. "थांब, वेडाबाई! झोपेत तुझ्या घशात कुणी कॉफी ओतली तर? गार रात्री हा पोटातली चूल विझवून झोपतो. आत्ता पाजलंस तर ठसका लागून खरंच मरेल."

"मग जागा कसा होणार?"

"ऊन लागलं की चूल पेटेल."

थोड्या वेळाने ढग फाटले. नुबिया पक्ष्यावर वाकून टक लावून बघत राहिली. तो हलेचना.

"आजोबा, ऊन तर आलं!"

"आलं खरं. पण पडलंय कुणाच्या पाठीवर?"

नुबियाने मागे वळून पाहिलं, आणि पाय न वाजवता ती तीन पावलं बाजूला सरकली.