काडेपेटीतले डास

हिवताप विभागात गोरखचा हुद्दा कीटक समाहरक. गावाला तो शब्द काही झेपला नाही. गाव त्याला डासमास्तर म्हणायचं. सकाळी गोठ्यागोठ्यात बॅटरी मारायची, भिंतीवरचा डास काचेच्या नळीत ओढून घ्यायचा, भिंगाखाली धरून त्याची जात ओळखायची. शिवाय ज्याला ताप आला असेल त्याचं बोट टोचून रक्ताचा ठिपका काचेवर घ्यायचा. बावीस वर्षं हेच काम.

अंगात विद्या होती, आणि विद्येचा तोराही. पारावर बसला की सुरू व्हायचा, "समदे डास सारखे नसत्यात. आपल्या गोठ्यांत जो भरलाय त्या जातीत हिवतापाचा जंतू सहसा धरतच न्हाई. तेवढी लायकीच न्हाई त्याची. टाकीतला डास येगळा. त्याच्या पोटात जंतू वाढतो, दहा-बारा दिसांनी सोंडंपातूर येतो." माणसं माना डोलवायची. खोटं काही सांगत नव्हता तो, हेच तर वाईट झालं.

त्याची एकुलती लेक अश्विनी कापूरहोळजवळच्या एका बांधकामावर मजुरांच्या मुलांना शिकवायला जायची. नसरापूरपर्यंत जीप, पुढं एसटी. भादव्यात एका संध्याकाळी ती कुडकुडत घरी आली आणि बापापुढं बोट धरलं.

"आबा, टोचा की."

गोरख हसला. त्या दिवशी तो बारा जणांची बोटं टोचून आला होता. उरलेल्या सुया खिशातच होत्या. "अगं, आपल्या गोठ्यातलं डास म्या रोज बघतोय. त्यांची लायकी न्हाई तेवढी. भिजली असशील." त्यानं तापाची गोळी दिली आणि तो जेवायला बसला. पोर दिवस मावळेस्तोवर कुठं असते, तिथल्या उघड्या टाक्यांत काय वळवळतं, हे त्या शहाण्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पाचव्या दिवशी अश्विनी बरळायला लागली. पुण्याला नेईस्तोवर तिची शुद्ध हरपली होती. हिवताप मेंदूत गेला होता. दुसऱ्या दिवशी तिला घरी आणलं ते पांढऱ्या चादरीत.

तेरावा झाला आणि बाळाबाईनं, गोरखच्या बायकोनं, नवंच काढलं. दूध काढायच्या आधी ती नवऱ्याचीच नळी घेऊन गोठ्यात डास धरायची आणि काडेपेटीत घालून त्याच्यापुढं ठेवायची.

"ह्यातला कंचा?"

गोरख भिंगातून बघायचा. "ह्यातला न्हाई."

"मग उद्या गावंल," म्हणत ती धार काढायला जायची. गावात कुजबुज होती, डासमास्तराचीच पोर डासानं गेली म्हणून. बाळाबाई त्या बायांच्या अंगावर धावून जायची. "त्यांनी काय कमी केलं व्हय? जीव टाकत्यात लोकांसाठी!" ते ऐकलं की गोरखला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बोटाची गोष्ट तिला ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता. सांगितली तर ही बाई आपलं तोंड पुन्हा बघायची नाही, या भीतीनं त्यानं महिनाभर जीभ आवळून धरली.

एकविसाव्या काडेपेटीला त्यानं भिंग खाली ठेवलं.

"बाळे, नको धरूस आता. गोठ्यातल्या डासानं काय केलं न्हाई. तिनं माझ्यापुढं बोट धरलं व्हतं. टोचा म्हणली. सुई खिशात व्हती माझ्या. म्या टोचलं न्हाई."

बाळाबाई कितीतरी वेळ काडेपेटी बोटांत फिरवत राहिली. आता ही उठेल, माहेरी जाईल, निदान बोलणं तरी टाकेल, असं त्याला वाटलं. ती उठली नाही.

"त्याच रातच्याला माझ्यापाशी आली व्हती ती," बाळाबाई म्हणाली. "आये, आबांना सांग की, एकडाव टोचा म्हणावं. म्या तिलाच वरडले. म्हणलं, बावीस वरसं डास धरतोय तुझा बा, तुला त्याच्यापरीस जास्त कळतंय व्हय?"

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.