बर्फाकडची सवत

“हळू उतरव रे खुशाल, माही सवत हाये त्यात!” तुळजाबाई ओसरीवरूनच ओरडली, तसा पुतण्या हसत सुटला.

खुशाल सफरचंदांचा ट्रक घेऊन हिमाचलातून आदिलाबादच्या बाजारात आला होता. तिथून जैनथला येताना त्यानं केबिनमध्ये पायाशी जपून ठेवलेलं एक खोकं आणलं होतं. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली तीन रोपं होती. पानं मुळ्याच्या कोवळ्या पाल्यासारखी, पण सुरकुतलेली.

“एवढ्याशा पाल्यासाठी सतरा फोन केले काका तुमी?”

“पाला नोहे बाबू, प्रिमरोज हाये, बर्फाकडचं फूल,” तुळजाबाईचे यजमान दादाजी म्हणाले. देवघरात बोलावं तसा त्यांचा आवाज खाली आला.

तरुणपणी दादाजी रस्त्याच्या कामावर हिमाचलात गेले आणि एका विश्रामगृहाच्या बागेत माळी म्हणून राहिले ते म्हातारे होईपर्यंत. हिवाळ्यात बाग बर्फाखाली झोपली की ते घरी येत. होळी जवळ आली की त्यांचं मन उडे. “बर्फ वितळला का पयले तेच फूल उमलते. मले जा लागते.” लेकराला कडेवर घेऊन तुळजाबाई बसथांब्यापर्यंत सोबत जायची आणि परतताना वांग्यांच्या वाफ्यात शिरायची. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, “सवतीनं बलावलं त्याईले.” बाया हसायच्या. तीही हसायची. मग एकटीच होळीची पोळी थापायची.

आता दादाजींचे गुडघे गेले होते आणि ते कायमचे घरी होते. तुळजाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा धरू लागला होता. तिला दिसतंय तोवर ते फूल एकदा तिला दाखवायचं, एवढंच त्यांनी मनात घेतलं होतं. इथली थंडी साधली तर संक्रांतीच्या सुमारास कळी येईल, पुढे ऊन टिकू देणार नाही, असा त्यांचा हिशेब. तिन्ही रोपं त्यांनी कुंड्यांत लावली आणि दोन कुंड्या ओसरीवर ठेवल्या. तिसरीला जागा उरली नाही, म्हणून ती कुंडी रांजणाखालच्या ओल्या रेतीत गेली.

पौषात एके संध्याकाळी वारं सुरीसारखं सुटलं. दादाजी बुधवारच्या बाजारातून यायचे होते. तुळजाबाईनं ओसरीवरच्या पानांना हात लावला. बर्फासारखी गार. मिरचीच्या रोपाला ती अशा थंडीत झाकायचीच. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक ठेवतात, तेही तिनं जन्मभर केलेलं. तिनं दोन्ही कुंड्या गोणपाटानं झाकल्या आणि आत निखाऱ्यांची शेगडी सरकवली. रांजणाकडची कुंडी अंधारात तिला दिसली नाही.

सकाळी गोणपाट काढलं तर पानं उकडलेल्या भाजीसारखी लोळली होती.

“काय केलं वं हे?” दादाजी खाली बसले. “थंडीच पायजे असते तिले. थंडीवरच जगते ते.” मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “मुद्दाम केलं का?”

तुळजाबाईच्या हातातला झाडू थांबला.

“सवतीले शेक देल्ला म्या. आपल्या पोटच्या पोरीवानी. अन् तुमी मले इचारता?”

त्या दिवशी दोघांत भाकरीपुरतंच बोलणं झालं. पुढेही बरेच दिवस तसंच. रांजणाखालच्या कुंडीकडे तुळजाबाई फिरकली नाही. पाणी भरतानाही पदर आवरून घ्यायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया यायच्या होत्या. तिळाचे लाडू झाकून ती रांजणावर हात धुवायला गेली आणि खाली काहीतरी उजळ दिसलं. ती वाकली. डोळे बारीक केले. पानांच्या मधोमध, बोटभर लवदार देठावर, लोण्याच्या रंगाचं फूल. पाच पाकळ्या आणि मधे हळदीचा ठिपका.

“अवो,” तिनं हाक मारली. “इकडे या.”

दादाजी भिंतीला धरत आले. फुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“इतकुशी?” ती म्हणाली. “मले वाटे, मोठी ठसक्याची बाई असंन.” पुन्हा वाकून तिनं नाक जवळ नेलं. “नाजूक हाये गरीब. हिच्या संग काय भांडावं?”

“तुळजे, त्या दिवशी मी जे बोललो...”

“राहू द्या. कुंकवाचा करंडा आना.”

ते करंडा घेऊन आले. फुलाची हळद तिनं बोटानं न शिवताच दाखवली. “हळद तं माहेरूनच लावून आली.” मग कुंडीच्या काठाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि शेजारी एक तिळाचा लाडू ठेवला. त्या दिवशीचं पहिलं हळदीकुंकू सवतीला मिळालं, बाया नंतर आल्या.

शिमगा आला तसं ऊन तापलं. दादाजींनी कुंडीला ओली फडकी गुंडाळली, सावली बघून तिच्या जागा बदलल्या. पानं आधी कडेनं करपली, मग सगळीच. होळीच्या सकाळी ते कुंडी उपडी करायला निघाले.

“ठेवा ते खाली,” चुलीपुढून तुळजाबाई म्हणाली.

“मेली ते.”

“मेली नाई. माहेरी गेली. दर साल होळीले जा लागते न तिकडे कोनाले तरी.” तिनं तव्यावरची पोळी उलटली. “तुमी बसा इथं. पोळी गरम हाये.”

दादाजी बसले. जेवण झाल्यावर तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी नेऊन रांजणाखालच्या कोरड्या मातीत ओतलं.