पट्टा थांबलेला, आकडा चढलेला

मी एक जुनी ट्रेडमिल आहे. मित्रांनो, माझ्यावर आजवर जेवढी माणसं धावली, त्यांतलं एकही कुठे पोहोचलं नाही. जिथे चढली तिथेच उतरली आणि "आज बरंच अंतर कापलं" म्हणत खुशीत घरी गेली. मला याचं पूर्वी हसू यायचं. आता येत नाही.

रबरी पट्टा, खाली मोटर, समोर आकड्यांची चौकट आणि धरायला दोन दांड्या, एवढाच माझा संसार. त्या दांड्यांवर पातळ पत्र्याच्या चकत्या आहेत. त्यांवर तळवे टेकले की माणसाच्या हृदयाचे ठोके मला कळतात आणि मी ते चौकटीवर दाखवते. हृदय का धावतंय हे मात्र चौकटीवर दिसत नाही. ते मला हळूहळू तळव्यांवरून उमगत गेलं.

सुरुवातीची वर्षं मी एका दवाखान्यात काढली. हृदयाच्या तपासणीची खोली होती. हिरवा पडदा, एक स्टूल, कुरकुरणारा पंखा. छातीला तारा लावलेली माणसं माझ्यावर चढताना अशी घाबरायची, जणू मी त्यांना पळवूनच नेणार होते. डॉक्टरबाई त्यांना सांगायच्या, "काका, घाबरायचं नाही. चाललात की पायांचे स्नायू रक्त मागणार, म्हणून हृदय वेग घेणार. तिकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, वाट मोकळी मिळते. थांबलात की मागणी संपते, मग हृदयही दमानं घेतं." आणि तसंच व्हायचं. पट्टा चालला की आकडा पायरी पायरीनं चढायचा, थांबला की तसाच उतरायचा.

एकदा मात्र एक तरुण नुसता स्टुलावर बसला होता आणि त्याचं हृदय उधळलं होतं. कसलीशी तरतरीची गोळी त्यानं मनानंच घेतली होती. डॉक्टरबाई शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "बघा, इथे स्नायूंनी काही मागितलेलं नाही. हुकूम गोळीचा आहे. पंप जोरात चालू आणि पुढचे नळ आवळलेले. याला विश्रांती कधी मिळणार?" ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं. पुढे उपयोगी पडेल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

मग दवाखान्यात नवी, चकचकीत ट्रेडमिल आली आणि माझी रवानगी एका व्यायामशाळेत झाली. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची लांबट खोली, एका भिंतीला आरसे, कोपऱ्यात लोखंडी वजनं आणि सगळीकडे रबराचा वास. व्यायामशाळेच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. स्वभावानं भला माणूस, फक्त यंत्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. काही बिघडलं की ते आधी चापट मारत आणि मग चिकटपट्टी शोधत.

इथेच मला ताई भेटली. ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांनी तिला चालायला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी ती दांड्या अशा घट्ट धरून उभी राहिली की मास्तर म्हणाले, "ताई, तिला सोडा हो, ती कुठे पळून जात नाही!" ती पदर खोचून संथपणे चालायची. थोड्या वेळानं तिचे तळवे ऊबदार, लालसर व्हायचे. काही महिन्यांत मला फरक जाणवू लागला. नुसती उभी असतानाचे तिचे ठोके पूर्वीपेक्षा कमी झाले होते. तिचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं होतं, म्हणून त्याला आता घाई नव्हती. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की जिना आता तिला घाबरवत नाही.

तिचा धाकटा भाऊ वेल्डर होता. आईवडील गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं. तिशीला टेकला, मिशीला पीळ देऊ लागला, तरी ताईच्या तोंडी तो अजून बाळ्याच होता. त्याला अग्निशमन दलात जायचं होतं. वयाची अट आडवी यायच्या आत जेमतेम दोन संधी उरल्या होत्या, आणि पळण्याची परीक्षा तोंडावर आली होती. दिवसा कारखान्यात दुहेरी पाळी आणि संध्याकाळी माझ्यावर सराव. अंग पार मोडून यायचं. तेव्हा एका सोबत्यानं त्याला कागदात गुंडाळलेल्या गोळ्या दिल्या. "एक घे, घोड्यासारखा पळशील."

मला बदल पहिल्याच संध्याकाळी कळला. तो माझ्यावर येऊन उभा राहिला, दांड्या धरल्या, पट्टा अजून थांबलेलाच होता, आणि आकडा भलताच चढलेला. तळवे ओले आणि बर्फासारखे गार. मध्येच एखादा ठोका चुकायचा, मग दोन ठोके एकमेकांवर आदळत यायचे. असं रोज होऊ लागलं. मी रोज दाखवत राहिले.

आणि बाळ्या त्यावर खूश! त्याचं गणितच निराळं होतं. तो मास्तरांना डोळा मारून सांगायचा, "बघा मास्तर, लोकांना एवढा आकडा गाठायला तंगड्या तोडाव्या लागतात. माझं हृदय बसमध्ये बसल्या बसल्या व्यायाम करतं!"

"कसला व्यायाम! यंत्र कामातून गेलंय," मास्तर म्हणाले. त्यांनी मला दोन चापट्या मारल्या आणि ठोक्यांच्या आकड्यावर निळी चिकटपट्टी लावून टाकली. मला राग आला, मित्रांनो. इतकी वर्षं मी खरं तेच दाखवलं होतं, आणि नेमकं आता माझं तोंड बंद केलं होतं.

ताई सकाळी यायची आणि तो संध्याकाळी, त्यामुळे दोघांची गाठ माझ्यापाशी कधी पडत नसे. चिकटपट्टी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, कारखान्याला सुट्टी होती म्हणून दोघं सकाळी बरोबर आले. ताईनं चालणं संपवलं. तिला उतरताना आकडा बघायची सवय होती.

"हे निळं काय लावलंय, मास्तर?"

"अहो, ती खोटं दाखवते. बाळ्या नुसता उभा राहिला तरी दीडशे!"

ताईनं नखानं चिकटपट्टी सोलून काढली. दांड्या धरून ती शांत उभी राहिली. आकडा उतरत उतरत सत्तरच्या घरात आला. मग तिनं भावाचा हात ओढून दांडीवर ठेवला. दीडशे.

"काय रे बाळ्या, यंत्र माझ्यापुरतं चांगलं आणि तुझ्यापुरतं बिघडलेलं, असं कसं?"

"अगं ताई, उगाच डोकं खाऊ नकोस. मला सराव करू दे." त्यानं बटण दाबलं. पट्टा सुरू झाला आणि तो धावू लागला.

ताईचा हात अजून त्याच्या हातावर होता. "तुझा हात एवढा गार का?" तिनं विचारलं. तो धावतच राहिला. त्याच्या ओठांचा रंग उतरला होता. आतमध्ये ठोक्यांचा नुसता गोंधळ चालला होता आणि पट्टा मला माझा थांबवता येत नाही. तेवढ्यात ताईनं कडेची लाल दोरी हिसकली. मी जागच्या जागी थांबले. बाळ्या छाती धरून खाली बसला.

"काय घेतलंयस? खरं सांग, नाहीतर..." तिनं हात पुढे केला. त्यानं खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. मास्तरांनी त्याला पाठुंगळी घेतलं आणि ते जिना उतरून गेले. त्या दिवशी व्यायामशाळा तशीच उघडी राहिली.

बाळ्या वाचला. वेळेत दवाखान्यात पोहोचले म्हणून वाचला. परीक्षा अर्थातच हुकली. बऱ्याच दिवसांनी ताई एकटीच आली तेव्हा मास्तरांनी दबकत विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या भावाच्या हृदयानं व्यायाम केलेलाच नाही, नुसता मार खाल्लाय," ताई म्हणाली आणि तिथेच बाकावर बसून रडली.

आता डॉक्टरांच्या परवानगीनं तो सकाळी तिच्याबरोबर येतो. संथ चालतो. दलाची शेवटची संधी अजून शिल्लक आहे. ती साधेल की नाही, मला माहीत नाही. हल्ली त्याचे तळवे ऊबदार लागतात. चालून झालं की तो टॉवेल मागतो आणि ताई टॉवेल पाठीमागे धरून उभी राहते. "आधी आकडा खाली येऊ दे," म्हणते. दोघं चौकटीकडे बघत राहतात. आकडा खाली येतो, मगच टॉवेल मिळतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, पट्ट्याला वंगण घाला, हे मी सांगायला हवं. पण ते राहू द्या, मास्तर हल्ली रोज करतात. तुम्ही एवढंच करा. पट्टा थांबलेला असताना कुणाचा आकडा चढलेला दिसला, तर चिकटपट्टी शोधू नका. आधी त्याचा हात हातात घेऊन बघा.