संवाद संपल्यावर

माझं पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दिवशी सर घरी आले आणि खुर्ची ओढून नुसते बसून राहिले. एरवी हा माणूस जिन्यातूनच बोलत येतो. कॉलेजच काढणार होतं पुस्तक. मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, काही कथा आणि सिनेमा, बातम्या, जाहिराती यांवरचे लेख, एवढाच माझा संसार. तरी तोरा केवढा! वृत्तवाहिन्यांच्या लेखात मी निवेदकांची अशी सालटी काढली होती की सर म्हणाले होते, "अरे, थोडी त्यांच्या अंगावर राहू दे."

आज मात्र त्यांचा आवाज खाली होता. "शेवटच्या लेखाबद्दल बोलायचंय. त्या दिग्दर्शकाचे सिनेमे ताईनेच सांगितले ना तुला?"

ताईनेच. डोक्यातल्या गाठीने गेल्या वर्षी माझी नजर नेली. तेव्हापासून आम्ही भावंडं एका इयरफोनची दोन टोकं वाटून घेतो. आवाज दोघांचा, चित्र तिचं. कोण कुठे उभं आहे, कोणाचा चेहरा उतरला, हे ती पुटपुटत राहते. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करून आलेली असते, तरी कंटाळा करत नाही. या दिग्दर्शकाचे शेवट मुके असतात. संवाद संपतात आणि मग नुसतं चित्र. म्हणजे माझ्यासाठी नुसती ताई.

लेखाचा सगळा डोलारा त्या शेवटांवर उभा होता. हा दिग्दर्शक कोणाला वाऱ्यावर सोडत नाही, असं मी ठासून लिहिलं होतं. एका सिनेमात म्हातारी थांब्यावर बसून असते, बस येते आणि मुलगा उतरतो. दुसऱ्यात आजारी पोर डोळे उघडतं.

"बसमधून कोणी उतरत नाही रे," सर म्हणाले. "आणि ते पोर…" पुढचं त्यांनी गिळलं. "काल मुद्दाम पुन्हा पाहिले. लेख काढून टाकू, नाहीतर तू नव्याने लिही. पण मग छपाई लांबेल. पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल."

संध्याकाळी ताई आली. ती चपला काढत होती, तेवढ्यात मी विचारलं, "बसमधून कोण उतरलं?"

"सर येऊन गेले वाटतं."

"कोण उतरलं, ताई?"

"कोणी नाही."

"आणि पोरगं?"

"नाही उघडत डोळे."

मी तोंडाला येईल ते बोललो. माझं हसं करायला निघाली होतीस, माझी अक्कल चारचौघांत काढायची होती का, वाट्टेल ते.

"आई गेली तेव्हा तू जेवण टाकलं होतंस," ती म्हणाली. "सिनेमातलं पोर मेलं म्हणून पुन्हा कुठे रडवू तुला? म्हटलं, कोणाला कळतंय!"

"मला कळायला हवं होतं! तेवढंच उरलंय माझ्याकडे. सगळे सिनेमे पुन्हा लावायचे. लेख नव्याने लिहिणार मी. पुस्तक येऊ दे पुढच्या वर्षी."

"नको." ती फार पटकन म्हणाली. "आत्ताच छापू दे. आहे तसाच. मी सरांच्या पाया पडते."

"का? एका वर्षाने काय बिघडतंय?"

ती गप्प. मुक्या शेवटांवर पानंच्या पानं लिहिणारा मी, मला ही शांतता कळायला वेळ लागला नाही. परवा तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर बोलावलं होतं. परत येऊन ती म्हणाली होती, गाठ आहे तिथेच आहे, काळजी करू नका म्हणाले. येताना तिने आइसक्रीम घेतलं. मी खुशाल दोन कप हाणले होते.

"डॉक्टर काय म्हणाले? जसं झालं तसं सांग."

"माझ्याकडे बघत नव्हते. हातातलं पेन उघडत होते, मिटत होते. म्हणाले, पुढचं वर्ष धरून चालू नका."

मला मरायचं नाही, असं मी तिला लहान पोरासारखं सांगत सुटलो. "माहीत आहे रे," एवढंच ती म्हणत राहिली. तिच्या ओढणीला इस्त्रीच्या वाफेचा वास होता.

मग मी तिला सरांना फोन लावायला सांगितलं. "उद्याच जाऊ द्या पुस्तक," मी म्हणालो. "लेख तसाच ठेवा. फक्त खाली एक ओळ घाला. या लेखातले शेवट माझ्या ताईचे आहेत."

त्या दिग्दर्शकाचा एक सिनेमा आमचा अर्धा राहिला होता. एक बाप हरवलेल्या मुलीला शोधत असतो. मी म्हटलं, लाव. ती नको नको म्हणाली, पण लावला. शेवटी दार वाजलं. बाप धडपडत धावला, कडी काढल्याचा आवाज आला आणि संवाद संपले. वारा तेवढा ऐकू येत होता.

"दारात कोण आहे?" मी विचारलं.

ताईने माझा हात घट्ट धरला. "कोणी नाही," ती म्हणाली.