गुरुवारचा पाऊस

बोरवाडीच्या नंदाबाईंना पाऊस मोजायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. पाणलोटाच्या कामावर आलेल्या एका संस्थेच्या लोकांनी त्यांच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून दिला, मोजायचं कसं ते त्यांच्या मालकांना, रखमाजींना, शिकवलं आणि ते आपल्या वाटेनं गेले. मोजायची वेळ सकाळी साडेआठची. त्या वेळेला रखमाजी शेतात असायचे आणि घरी असायच्या नंदाबाई. चार दिवस त्यांनी मालकांची वाट पाहिली. पाचव्या दिवशी स्वतःच नरसाळं काढलं, आतल्या डब्यातलं पाणी काचेच्या मापनळीत ओतलं आणि शाळेच्या जुन्या वहीत आकडा टाकला. तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं. लग्नकार्याला परगावी गेल्या तरी सून अर्पिता हिला साडेआठला फोन यायचा, "पाह्यलं का गं?"

या वर्षी फेब्रुवारीत अर्पिता मोबाइल घेऊन त्यांच्यापुढं बसली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, हाताला जरा सवड होती.

"आत्या, आपल्या मंडळात काल साडेपाच मिलिमीटर पाऊस पडला म्हणून राह्यलं हे."

"काल? कालचं ऊन पाह्यलं का तू?"

"मी न्हाई म्हणत. सरकारी आकडा हाय."

महसूल मंडळाचं हवामान केंद्र सहा किलोमीटरवर हिवरटाकळीला होतं. त्याला बसून नऊ वर्षं झाली होती. आपोआप मोजणारं, आपोआप आकडा पाठवणारं. बोरवाडीत किती पाऊस झाला, दुष्काळ पडला की नाही, हे कागदोपत्री त्याच आकड्यावर ठरायचं. नंदाबाईंचं त्या केंद्राशी जुनं वाकडं होतं, कारण पावसाळ्यात ते नेहमी त्यांच्या वहीपेक्षा जास्त पाऊस दाखवायचं. "फुगवून सांगतंय ते," असं त्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं. सरपंच काकासाहेबांनी त्यांच्या वहीतले आकडे उतरवून तहसीलला अर्जही दिला होता.

पण फुगवणं वेगळं आणि कोरड्या दिवसांत पाऊस पाडणं वेगळं. नंदाबाईंनी अर्पिताला मागचे आकडे काढायला लावले. त्यांच्या वहीत जानेवारी म्हणजे एकाखाली एक नुसती शून्यं. मोबाइलवर मात्र मधूनमधून आकडे होते. साडेचार, सहा, साडेतीन, पुन्हा सहा. अर्पितानं तारखा वाचल्या आणि नंदाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवलं. सगळ्या तारखा शुक्रवारच्या निघाल्या.

"शुक्रवारी सकाळी साडेआठचा आकडा म्हणजे आदल्या दिवसाचं पाणी," नंदाबाई म्हणाल्या. "म्हणजे दर गुरुवारी तिथं पाऊस पडून राह्यला."

"मशीन बिघडलं असन."

"बिघडलेलं मशीन वार पाहून बिघडतं का?"

त्या रात्री जेवताना त्यांनी हेच रखमाजींना विचारलं. रखमाजींनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "तुला काय करायचंय? आपल्या वहीत शून्य हाय ना, मंग झालं." पण नंदाबाईंना काही चैन पडेना. माप खोटं बोलत असेल तर तेही समजण्यासारखं होतं. हे नेमानं खोटं बोलत होतं, आणि त्या नेमामागं काहीतरी असणार.

मंगळवारी त्या जीपनं हिवरटाकळीला गेल्या. केंद्र ग्रामपंचायतीच्या मागं होतं. तारेचं कुंपण, आत एक पांढरा खांब, त्याच्यावर फिरत्या वाट्या, सौरपट्टी आणि बाजूला पाऊस मोजायचं, तोंड उघडं असलेलं गोल डबडं. कुंपणाला कुलूप. त्यांनी भोवती दोन चकरा मारल्या. जमीन भेगाळलेली, वाळलेलं गवत. पण एका बाजूला, डबड्याच्या बुडाशी, हातभर हिरवी हरळी होती. फेब्रुवारीत, कुणी पाणी न घालता.

पंचायतीच्या पायरीवर पाणी सोडणारे कचरूभाऊ बसले होते. नंदाबाईंनी त्यांना विचारलं, "भाऊ, इथं गुरुवारी काय असतं?"

"बाजार असतो, बाई."

बाजार ऐकून त्यांच्या मनात भलतंच आलं. भाजीवाल्या इथं भाजी धुत असतील, पाणी उडत असेल. पण बाजार तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेशीपाशी भरत होता. त्या घरी परतल्या त्या आणखी कोडं घेऊन.

गुरुवारी सकाळी त्यांनी एक गोष्ट केली जी एकोणीस वर्षांत केली नव्हती. अंगणातल्या मापाचं नरसाळं, डबा आणि मापनळी पिशवीत घातली, आणि वहीत लिहिलं, 'माप जागेवर नाही.' साडेआठच्या आत त्या हिवरटाकळीला पोचल्या. कुंपणाला लागून, सरकारी डबड्यापासून दोन हातांवर, चार दगडांच्या मध्ये आपलं माप घट्ट बसवलं आणि पंचायतीच्या सावलीत भाकरीची पुरचुंडी उघडून बसल्या. येणारेजाणारे विचारायचे, "कुणाची वाट पाहून राह्यल्या?" त्या म्हणायच्या, "पावसाची." लोक हसून पुढं जायचे.

दहा वाजले, अकरा वाजले. आभाळ निळं, पूर्वेचा वारा सुटलेला. कचरूभाऊंनी मोटर चालू केली आणि पिशवी घेऊन ते बाजाराकडं निघून गेले. सव्वाअकराला नंदाबाईंच्या गालावर एक थेंब पडला.

त्यांनी वर पाहिलं. केंद्राच्या पूर्वेला, वीसेक पावलांवर, गावाची पाण्याची उंच टाकी होती. ती भरली होती, आणि काठावरून पाणी ओसंडत होतं. टाकीच्या बुडाशी पडायच्या आधीच वारा त्याचा फवारा करून पश्चिमेला उडवत होता, थेट कुंपणावर. बारीक, अगदी श्रावणातल्या सरीसारखा. नंदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि तिथंच उभ्या राहिल्या. आपण भिजतोय हे त्यांना कळत होतं, पण हलवेना. इतके दिवस डोक्यात घोळणारा आकडा त्यांच्या हातावर पडत होता.

कचरूभाऊ पाऊण तासानं आले आणि मोटर बंद केली. नंदाबाईंना ओलं पाहून ते ओशाळले. "रोज मी इथंच बसतो हो. गुरुवारी तेवढं भाजीपाल्याला जावं लागतं, मंग उशीर होतो."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यातबी वाहते टाकी. पण तवा वारा मावळतीकडून, पाणी तिकडं शाळेकडं जातं."

त्यांनी आपल्या डब्यातलं पाणी मापनळीत ओतलं. पाच मिलिमीटर आणि वर किंचित. दुसऱ्या दिवशी अर्पितानं मोबाइल उघडला. सरकारी आकडा होता पाच.

काकासाहेबांनी पंचायतीच्या कागदावर तक्रार लिहिली, नंदाबाईंनी तिच्यात तारखा भरल्या. पंधरा दिवसांनी नंदाबाईंना हिवरटाकळीला बोलावणं आलं; जालन्याहून केंद्रांची देखभाल करणारा माणूस मोटारसायकलवर आला. आदिनाथ त्याचं नाव, तिशी उलटलेला, शांत स्वभावाचा. त्यानं कुलूप उघडून डबड्याचं वरचं कवच काढलं. आत दोन कप्प्यांची इवलीशी वाटी होती. एक कप्पा भरला की ती एका बाजूला कलायची, मग दुसरा भरायचा, आणि किती वेळा कलली त्यावरून पाऊस मोजला जायचा. आदिनाथनं बाटलीतून मोजून पाणी घातलं आणि वाटीचं कलणं मोजलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा बरोबर.

"मशीनचा दोष न्हाई, मावशी. त्याच्यावर पाणी पडलं, त्यानं मोजलं. टाकी नंतर बांधली, तवा केंद्र हलवायला पाहिजे होतं. मी तसं कळवतो." मग तो म्हणाला, "पण मला तुमचं माप पाह्यचंय. एकोणीस वर्षांची नोंद असलेलं घर मी अजून पाह्यलं न्हाई."

नंदाबाई त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी आल्या. अर्पितानं चहा ठेवला. आदिनाथनं वह्या चाळल्या, एकेक पान हळू उलटत. मग अंगणात गेला आणि मापापाशी बराच वेळ उभा राहिला. मापाकडं कमी, वर जास्त पाहत होता.

"मावशी, हे कडुलिंबाचं झाड कधीचं?"

"आपोआप उगवलं. दहाएक वर्षं झाली असतील. सावली चांगली पडते."

"मापापासून तीन पावलांवर हाय. झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब पाहिजे माप. न्हाईतर झाड पाऊस अडवतं, आकडा केंद्रापेक्षा कमी येतो."

नंदाबाईंनी मान वर करून लिंबाचा शेंडा पाहिला. रखमाजी बाजेवरून म्हणाले, "पण सहा किलोमीटरवर पाऊस कमीजास्त असतोच की. आमच्या बांधाच्या अलीकडं पडतो आन् पलीकडं न्हाई."

"बराबर हाय काका. पण मंग कधी तुमच्याकडं जास्त पडला असता, कधी तिकडं. दर वर्षी तिकडंच जास्त, असं काऊन?"

तो गेल्यावर नंदाबाईंनी नऊ वर्षांच्या वह्या काढल्या. अर्पिता मोबाइलवरून केंद्राचे पावसाळ्याचे आकडे सांगत गेली आणि त्या शेजारी लिहीत गेल्या. पहिल्या दोन वर्षांत फरक नव्हताच, एकदा तर त्यांचाच आकडा मोठा होता. तिसऱ्या वर्षी केंद्र वीस मिलिमीटरनं पुढं, मग पस्तीस, पन्नास. मागच्या वर्षी पंच्याण्णव. त्या आकड्यांकडं बघत बसल्या. आधी ग्रामसभेत हात नाचवून बोललेलं सगळं आठवलं. पण त्याच्याही खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ती लाज नव्हती. लिंब कधी कंबरेएवढा झाला, कधी पत्र्याच्या वर गेला, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण झाडाची ती सगळी वाढ त्यांनी नकळत रोज साडेआठला स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती.

"झाड तोडावं लागंल," रखमाजी म्हणाले.

"न्हाई. झाड राहू द्या. मापबी राहू द्या."

एक मेच्या ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. हिवरटाकळीच्या टाकीची गोष्ट गावानं ऐकलेली होती, त्यामुळं लोक कौतुकाच्या तयारीत बसले होते. नंदाबाई म्हणाल्या, "टाकीचं खरं हाय. पण पावसाळ्यात ते केंद्र बराबर होतं. माझाच आकडा कमी येत व्हता, लिंबामुळं. मी इथं उभी राहून चुकीचं बोलले."

काकासाहेबांचं तोंड उतरलं. सभा संपल्यावर त्यांनी नंदाबाईंना गाठलं. "वहिनी, मी तुमच्या वहीवर अर्ज दिल्ता. आता मला तहसीलात काय म्हणतील? गप बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?"

"वहीला कळलं असतं," नंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही माझं नाव सांगा तिथं. मी येते संगं."

दोघं जाफराबादच्या तहसीलात गेले आणि दुरुस्तीचं पत्र देऊन आले. तिथल्या कारकुनानं ते पत्र दोनदा वाचलं, कारण आपलाच आकडा चुकला असं लिहिलेला कागद त्याच्याकडं कधी आला नव्हता. हिवरटाकळीच्या पंचायतीनं टाकीला ओसंडत्या पाण्याचा पाइप बसवला. केंद्र हलवायचं पत्र अजून कुठल्याशा टेबलावर आहे.

जूनच्या आधी आदिनाथनं कार्यालयात पडून असलेलं एक जुनं माप आणून दिलं. ते त्यांनी शेतात, विहिरीपासून लांब, उघड्यावर बसवलं. आता सकाळी साडेआठला त्या अंगणातलं मोजतात आणि अर्पिता शेतातलं. फोनवर दोन्ही आकडे एकमेकींना सांगतात. पहिले काही आठवडे नंदाबाईंना वाटलं, फरक ठरलेला असेल, शंभराला पंधरा वगैरे. पण तसं होईना. एका दिवशी शेतात तेवीस आणि अंगणात अठरा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडं एकतीस, अगदी सारखे.

"असं कसं गं?" त्यांनी फोनवर विचारलं.

"काल वारा उगवतीकडून व्हता ना, आत्या. लिंब तर मापाच्या मावळतीला हाय."

नंदाबाईंनी अंगणातून वर पाहिलं. लिंबाची पानं पूर्वेकडं झुकलेली होती, म्हणजे आज वारा फिरला होता. त्यांनी पट्टी घेतली, वहीच्या पानावर आणखी एक उभी रेघ मारली आणि रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, 'वारा'.